धम्म शिकलेल्यांनी मुलाखतीला काय घालून जावं?



नोकरीची जाहिरात निघाली की पाली आणि बौद्ध अध्ययनात एम.ए. केलेल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. अर्ज कसा भरायचा हे कुणी विचारत नाही, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. विचारतात ते हे : मुलाखतीला काय घालून जाऊ? पांढरे कपडे घातले तर कार्यकर्ता वाटेन का? कोटावरची अशोकचक्राची पिन ठेवू की काढू? मुली विचारतात, टिकली न लावता गेले तर चालेल का?

आमचे काही जुने कार्यकर्ते या प्रश्नाला हसतात. म्हणतात, क्रांती करायला निघालेली पोरं आणि टायचा रंग विचारतात! मला हसू येत नाही. ज्या समाजाला हजार वर्षं काय नेसायचं, किती लांब नेसायचं आणि कुठला काठ लावायचा नाही हे दुसऱ्यांनी ठरवून दिलं, त्या समाजाच्या मुलाला कपड्यांचा प्रश्न पडणारच. १९२८ साली इंदूर संस्थानातल्या गावांमधून बलाई समाजाला फर्मान निघालं होतं की जरीकाठी फेटा बांधायचा नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त ती हकीकत मुद्दाम नोंदवली आहे. तेव्हा हा प्रश्न फॅशनचा समजू नका.

पण कपड्यांआधी नोकरीचं बोलू, कारण खरी मेख तिथं आहे.

मी पैठणचा. धर्माचं शिक्षण घेऊन पोट कसं भरतात हे या गावाला वेगळं सांगावं लागत नाही. परंपरा सांगते की संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या ज्ञानदेव-भावंडांना शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे यावं लागलं. म्हणजे तेराव्या शतकात हे गाव प्रमाणपत्र देणारं कार्यालय होतं. आणि गागाभट्टाचं घराणं मूळचं कुठलं? पैठणचंच. सोळाव्या शतकात त्या घराण्यातले रामेश्वरभट्ट इथून काशीला गेले, त्यांचे पुत्र नारायणभट्ट तिथले मोठे धर्मशास्त्री झाले आणि १६७४ मध्ये त्याच वंशातला गागाभट्ट रायगडावर राज्याभिषेकाला आला, भरघोस दक्षिणा घेऊन गेला. पैठणच्या धर्मशास्त्राला देशभर मागणी होती असा याचा सरळ अर्थ. त्या शास्त्र्याची मुलाखत कुणी घेतली? धोतर, उपरणं आणि जानवं हाच त्याचा पोशाख आणि तेच त्याचं प्रमाणपत्र. आपल्या पोरांना पदवी वेगळी दाखवावी लागते, पोशाख वेगळा, आणि दोन्ही दाखवूनही आडनावाची पडताळणी उरतेच.

आज याच पैठणमध्ये संतपीठ आहे. घोषणा १९८१ ची, वर्ग सुरू झाले २०२१ मध्ये, आपल्या विद्यापीठाच्या छत्राखाली. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, तुकाराम गाथा, वारकरी आणि महानुभाव संप्रदाय असे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत. माझा त्याला विरोध नाही. चोखोबा नीट शिकवणार असतील तर स्वागतच आहे. मुद्दा एवढाच की तिथून शिकून निघालेल्या कीर्तनकाराला गावोगावचे सप्ताह आहेत, मानधन आहे, जेवणावळ आहे. त्याच विद्यापीठातून पाली शिकून निघालेल्या पोराला काय आहे? नेट-सेट झाला तर तासिका तत्त्वावर चार तास. शाळेत दहावी-बारावीला पाली हा विषय बोर्डाच्या यादीत आहे, पण तो शिकवणाऱ्या शाळा शोधाव्या लागतात. एका हाताने यादीत नाव ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने पद भरायचं नाही, ही सरकारची जुनी सवय.

आता एक जाहिरात नीट वाचा. भारतीय लष्करात धर्मशिक्षक नावाचं पद आहे. ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा दर्जा, पगार, पेन्शन, सगळं. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू अशा जागा निघतात. पंडिताला कुठलीही पदवी आणि संस्कृतची आचार्य, किंवा शास्त्री आणि कर्मकांडाची पदविका चालते. बौद्ध भिक्खूपुढे मात्र लिहिलेलं असतं ‘महायान’, आणि ती जागा लडाख स्काउट्ससाठी. पात्रता तिबेटी परंपरेतली, गेशे वगैरे. लडाखच्या आपल्या बांधवांना त्या जागा मिळतात, छान आहे, त्यातली एकही कमी होऊ नये. पण १९४१ साली बेळगावला ज्या महार रेजिमेंटची उभारणी झाली आणि जिच्यासाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला, त्या महाराष्ट्रातून सैन्यात गेलेल्या हजारो बौद्ध जवानांचा धम्म या जाहिरातीत कुठं आहे? कर्मकांडाची एक वर्षाची पदविका चालते आणि पालीतली दोन वर्षांची एम.ए. चालत नाही. हा प्रश्न किती संघटनांनी निवेदनात लिहिला? पुतळ्याच्या रंगावर आपण तीन मोर्चे काढले.

इथं एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्यातूनच येतो : धम्म हा धंदा नाही, धम्म शिकून पगार कसला मागता? हे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेब वाचायला हवेत. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी हिंदू धर्मापुढे जी मागणी ठेवली ती अशी की पुरोहितपण वंशपरंपरेने जाऊ नये, ते त्या धर्माच्या कुणालाही खुलं असावं, सरकारने ठरवलेली परीक्षा पास होऊन सनद मिळाल्याशिवाय कुणी पुरोहित होऊ नये आणि पुरोहित हा सरकारी नोकराप्रमाणे शिस्तीखाली असावा. म्हणजे आधी परीक्षा, मग नेमणूक. जन्म नव्हे. आणि धर्मांतराच्या दोन वर्षं आधी, १९५४ मध्ये, ब्रह्मदेशातल्या बुद्ध शासन कौन्सिलला त्यांनी जे निवेदन दिलं त्यात गृहस्थ धम्मप्रचारक तयार करण्याची, त्यांना पगार देण्याची आणि त्यांना शिकवण्यासाठी धार्मिक विद्यालय काढण्याची योजना मांडली. त्या विद्यालयात बौद्ध धम्मासोबत इतर धर्मांचा तौलनिक अभ्यासही हवा होता. बाबासाहेबांना ठाऊक होतं की उपाशी प्रचारक दोनच गोष्टी करतो, एकतर गप्प बसतो किंवा पुढाऱ्याच्या गाडीत बसतो.

आपण काय केलं? भारतीय बौद्ध महासभेच्या शिबिरांतून बौद्धाचार्य घडवले. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन सगळं तीच माणसं करतात, आणि बहुतेक वेळा स्कूटरच्या पेट्रोलचे पैसे खिशातून घालून. त्यांच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण त्यागावर दुसरी पिढी उभी राहत नाही. त्यांची मुलं काय म्हणतात ते एकदा विचारा.

हिंदू मंदिरांतल्या नोकऱ्यांकडेही पाहा, कारण बाबासाहेबांची १९३६ ची मागणी तिथं तुकड्यातुकड्याने पुढं सरकते आहे. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे हक्क कायद्याने १९७३ मध्ये काढले, न्यायालयात ते प्रकरण जानेवारी २०१४ पर्यंत चाललं आणि त्याच वर्षी मे महिन्यात मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या उमेदवारांच्या, स्त्रियांच्यासुद्धा, मुलाखती घेतल्या. केरळात २०१७ मध्ये त्रावणकोर देवस्वम बोर्डाने परीक्षा आणि मुलाखत घेऊन छत्तीस ब्राह्मणेतर पुजारी निवडले, त्यात सहा दलित. तमिळनाडूत सरकारी अर्चक प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेले सर्व जातींचे दोनशेहून जास्त तरुण कोर्टकज्जात अडकले आणि त्यांच्यातल्या काहींच्या हाती नेमणूकपत्र पडायला ऑगस्ट २०२१ उजाडावं लागलं. तेरा-चौदा वर्षं! प्रशिक्षण पूर्ण, परीक्षा पास, आणि जन्म आडवा. मला मंदिरात नोकरी नको आहे आणि तुम्हालाही नको असेल. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत. तरी या निकालांचा कागद जपून ठेवा. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या धार्मिक जागी परीक्षा आणि मुलाखत हाच दरवाजा असावा, हे तत्त्व आपल्याला लष्कराच्या जाहिरातीसाठी उपयोगी पडणार आहे.

आता कपडे.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत मसूर स्टेशनचा प्रसंग लिहिला आहे. १९०१ ची गोष्ट. भावंडं वडिलांना भेटायला साताऱ्याहून कोरेगावकडे निघाली. नवे शर्ट, चकाकणाऱ्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे. स्टेशन मास्तर आपुलकीने चौकशी करायला आला, त्याला वाटलं ब्राह्मणांची पोरं आहेत. महार आहोत हे कळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. त्या दिवशी कपड्यांनी दार उघडलं आणि जातीने ते बंद केलं. कपड्यांची ताकद किती आणि मर्यादा किती, दोन्ही त्या एका प्रसंगात आहे. सूट घातला की जात गळून पडते असं सांगणारा खोटं बोलतो. आणि जात गळणार नाही म्हणून चुरगळलेला शर्ट घालून जा असं सांगणारा त्याहून मोठं नुकसान करतो.

२००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. थोरात सर आपल्या मिलिंदचे विद्यार्थी, हे पोरांना माहीत असावं. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. काही नावं सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची त्याहून कितीतरी कमी. इथं कपडे दिसतच नव्हते, नुसतं नाव दिसत होतं. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं की तिथं जात कुणी विचारत नाही, ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारतात. आमच्या तालुक्यातली एक मुलगी एका संस्थेत मुलाखतीला गेली. पहिला प्रश्न, वडील काय करतात? दुसरा प्रश्न, पालीच का घेतलं, दुसरं काही मिळालं नाही का? तिच्या साडीकडे कुणी पाहिलंच नाही, आणि ती साडीची घडी नीट बसावी म्हणून पहाटे चारला उठली होती.

म्हणून माझं सांगणं असं. कपडे समोरच्याला जिंकण्यासाठी घालू नका. आपलं लक्ष कपड्यांवरून उडावं म्हणून नीट घाला. कॉलर टोचत नसेल, बूट चावत नसतील, पदर सावरावा लागत नसेल तर डोकं प्रश्नावर राहतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की जातीची ओळख पटवणारी नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते जड गिलिटाचे दागिने सोडा, स्वच्छ राहा. बायांनी तिथंच साडी नेसण्याची पद्धत बदलली. उंची नेसा असं ते म्हणाले नव्हते. फाटकं असलं तरी धुतलेलं नेसा, हा त्यातला भाव.

पोरांनी फिकट रंगाचा पूर्ण बाहीचा शर्ट, गडद पॅन्ट, साधे काळे बूट घालावेत. एवढं पुरतं. शर्ट मापाने शिवून घ्या, रेडिमेडपेक्षा गल्लीतला टेलर बरा. मराठवाड्यातल्या मुलाखती बहुतेक एप्रिल-मेमध्ये असतात, बेचाळीस अंशांत कोट घालून घामाने निथळणारा उमेदवार आत्मविश्वासू दिसत नाही, आजारी दिसतो. कोट हवाच असेल तर हातावर घेऊन जा, दारात घाला. पैठणहून संभाजीनगरला एसटीने पन्नास किलोमीटर येता येता शर्टाची काय दशा होते ते मी सांगायला नको. जुना शर्ट घालून प्रवास करा, इस्त्रीचा शर्ट पिशवीत ठेवा आणि पोचल्यावर बदला. मुलींनी सुती साडी किंवा सलवार-कमीज, जे रोज अंगवळणी आहे ते. पैठणच्या मुलीने पैठणी नेसून जावं असा सल्ला एका मावशींनी दिल्याचं ऐकलं. मावशी, ती नेसायला आधी नोकरी लागावी लागेल.

टिकली लावायची की नाही, हा तुमचा प्रश्न आहे, पॅनेलचा नाही. रोज लावत नसाल तर मुलाखतीपुरती लावू नका. मुलाखतीत एक खोटेपणा शिरला की उत्तरांत दहा शिरतात. पिनचंही तेच. अशोकचक्र म्हणजे काय, त्याला चोवीस आरे का, हे तुम्ही दोन मिनिटं शांतपणे सांगू शकत असाल तर पिन खुशाल ठेवा. सांगता येत नसेल तर ती पिन नुसती शोभेची आहे, मग असली काय नि नसली काय.

आणि पांढरे कपडे? त्रिपिटकात गृहस्थ उपासकाला शब्दच आहे ‘ओदातवसन’, पांढरं वस्त्र नेसणारा. आयुष्यभर सुटाबुटात वावरलेले बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले. प्रसंगाप्रमाणे वस्त्र, एवढा साधा नियम त्यांनी पाळला. दीक्षेला पांढरं, संसदेत सूट. तेव्हा धम्मप्रचारक, विहार व्यवस्थापक, बौद्धाचार्य अशा कामाची मुलाखत असेल तर पांढरं घाला. बँकेची किंवा वाळूजच्या कंपनीची असेल तर शर्ट-पॅन्ट घाला. यात बाटणं-बिटणं काही नाही.

कपड्यांपेक्षा जास्त तयारी त्या दुसऱ्या प्रश्नाची करा, पालीचा उपयोग काय? यावर पोरं खाली मान घालतात. का म्हणून? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसोबत पालीलाही केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या सरकारी यंत्रणेने दहाएक वर्षांपूर्वी यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतून पाली साहित्य हा विषय काढून टाकला, तिलाच हे मान्य करावं लागलं. हे पॅनेलला सांगा. आणि मग आपल्या गावाचं सांगा. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदावरीकाठच्या बावरीचे सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारायला उत्तरेकडे निघतात, त्यांच्या वाटेतलं पहिलं नाव पतिट्ठान, म्हणजे पैठण. जटा वाढवलेले, अजिन पांघरलेले विद्यार्थी होते ते. बुद्धाने त्यांच्या जटांबद्दल विचारलं नाही, त्यांना प्रश्न विचारू दिले. आपल्या कॉलेजला मिलिंद हे नाव बाबासाहेबांनी दिलं तेही प्रश्न विचारणाऱ्या राजाचं.

कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याच्या लेण्यात खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दानलेख आहेत. एक खांब पतिट्ठानच्या गांधिक कुळातल्या मितदेवाने दिला आहे. गांधिक म्हणजे अत्तराचा व्यापारी. दोन हजार वर्षांपूर्वीचा पैठणचा अत्तरवाला लेण्याला खांब देतो आणि त्याचं नाव आज आपल्या किती पोरांना वाचता येतं? अजिंठा-वेरूळला थायलंड, श्रीलंका, जपानहून बौद्ध यात्रेकरू येतात. त्यांना जातककथा कोण सांगतो? ज्यांनी कधी एक सुत्त वाचलं नाही असेही गाईड मी ऐकले आहेत, बुद्ध विष्णूचा नववा अवतार इथून सुरुवात करतात. पर्यटन खात्याचं गाईडचं प्रशिक्षण आणि परवाना हा पाली शिकलेल्यांसाठी सरळ रोजगार आहे. पाली, ब्राह्मी आणि बरं इंग्रजी, एवढ्या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याच्यापुढे लेण्यात कोण उभा राहील?

आता दोन कामं, दोन्ही आपल्या हातातली. पहिलं, लष्कराच्या धर्मशिक्षक भरतीत थेरवाद आणि पाली पदवीधरांची वेगळी श्रेणी मागणारं निवेदन. संरक्षण मंत्रालय आणि राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग, दोन्हीकडे. बौद्ध हे अधिसूचित अल्पसंख्याक आहेत, त्यामुळे आयोगाला ते ऐकावं लागेल. सोबत पंडिताच्या आणि आपल्या पात्रतेची तुलना एका पानावर जोडा, लांबण लावू नका.

दुसरं काम विहारातलं. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला आपण जे देतो त्यातून विहारात एक कपाट होतं. त्यात तीन-चार मापांचे गडद कोट, सात ते दहा नंबरचे काळे बूट, दोन टाय, चार सुती साड्या, एक इस्त्री. मुलाखतीचं पत्र दाखवायचं, वहीत सही करायची, न्यायचं आणि धुऊन परत आणायचं. वहीत एक रकाना जास्तीचा ठेवा, मुलाखतीत काय काय विचारलं ते लिहायचा. पुढच्याने कोट नेताना ती पानं आधी वाचायची. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे देऊ नका, ते बहुधा बाहेरगावी असतात. विहाराशेजारी राहणाऱ्या एखाद्या मावशीकडे द्या.

जयभीम!